जमीन तुमची, पण विहीर खोदायची नाही

(पहूर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



धरण आलं की गाव बुडतं, ते डोळ्यांना दिसतं. तेलाची नाहीतर गॅसची पाइपलाइन आली की काहीच दिसत नाही. चर खणतात, नळ पुरतात, माती लोटतात नि निघून जातात. म्हणून तिच्यापायी आपलं काय गेलं याचा हिशोब कुणी मांडत नाही. तो आज मांडू.

लांब जायला नको. मुंबईहून मनमाड, तिथून आपल्या धुळे जिल्ह्यातून इंदूरकडं आणि पुढं थेट दिल्लीच्या बिजवासनपर्यंत भारत पेट्रोलियमची पेट्रोल-डिझेलची लाइन गेली आहे. अशा लाइनीसाठी 1962 चा कायदा आहे. तो जमीन घेत नाही, जमिनीखालून नळ न्यायचा फक्त 'वापर हक्क' घेतो. सातबारा तुमच्याच नावावर राहतो. ऐकायला गोड आहे. पण त्याचं कलम 9 म्हणतं, त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर-तळं खोदायचं नाही, झाड लावायचं नाही. पीक तेवढं घ्या.

याचा मोबदला किती? बाजारभावाच्या दहा टक्के. एकदाच. समजा, 20 मीटर रुंदीचा पट्टा तुमच्या शेतातून 100 मीटर गेला. म्हणजे साधारण अर्धा एकर. एकराचा भाव 4 लाख धरला तर अर्ध्या एकराचे 2 लाख, आणि तुमच्या हातात 20 हजार. उभं पीक नि तोडलेली झाडं यांची भरपाई वेगळी, पण तीही त्या वेळेपुरती. खानदेशात कोरडवाहू नि बागायत यात फरक विहिरीचाच ना? पाणी लागायची जागा नेमकी त्या पट्ट्यात असली तर तुमच्या पोरालाही तिथं विहीर नाही, नातवालाही नाही. हे 20 हजारांत बसवून दाखवा म्हणावं.

आता वनपट्टेवाल्यांचं. वनहक्क कायद्यानं मिळालेली जमीन वारसाला जाते, पण विकता येत नाही. जी विकता येत नाही तिचा बाजारभाव साहेब कुठून काढणार? आपली मागणी सरळ आहे : शेजारच्या सातबाऱ्याच्या जमिनीचा भाव लावा. आणि ज्याचा दावाच अजून कचेरीत पडून आहे, त्याचं तर यादीत नावच येत नाही. तरी कायद्यात भरपाई 'जमिनीत हितसंबंध असलेल्या' माणसाला आहे, नुसत्या मालकाला नाही. हा शब्द धरून ठेवा.

मोहाचं तसंच. झाड तोडलं की लाकडाचा हिशोब होतो, तोही वनखात्याकडं जातो. दरवर्षीची फुलं, टोळंबी, ती वेचणाऱ्या बायांची मजुरी कुणाच्या वहीत नसते. गौण वनोपजावर आपली मालकी 2006 च्याच कायद्यानं मान्य केली आहे. मग तिची भरपाई का नको?

ग्रामसभेनं नाही म्हटलं तर? 2009 च्या परिपत्रकानं जंगलजमीन वळवायला ग्रामसभेची संमती लागत होती. 5 फेब्रुवारी 2013 ला केंद्रानं रस्ते, कालवे, पाइपलाइन, विजेच्या तारा यांना त्यातून सूट दिली. अतिमागास जमातींपुरता अपवाद ठेवला. एका पत्रानं आपली जीभ कापली, असं माझं मत आहे. तमिळनाडूत शेतकऱ्यांनी गेलच्या लाइनीला विरोध केला. लाइन रस्त्याकडेनं न्या, असं तिथलं सरकारही म्हणालं. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टात गेल जिंकली. म्हणून नुसत्या विरोधावर विसंबू नका. आणि धोका खोटा नाही : 27 जून 2014 ला आंध्रातल्या नगरम गावात गेलची लाइन फुटली, वीसच्या वर माणसं जळून मेली.

तेव्हा काय करायचं? राजपत्रात सूचना निघाल्यापासून हरकतीला 21 दिवस असतात. राजपत्र आपल्या पाड्यावर येत नाही, म्हणून तहसीलला दर आठवड्याला कुणीतरी जाऊन विचारायचं. हरकत लेखी द्यायची, पोच घ्यायची, सुनावणी मागायची. मशीन शेतात यायच्या आधी झाडं मोजून पंचनामा करून घ्यायचा, पंचांत आपली माणसं घालायची. रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशाकडं अर्ज करता येतो. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. आणि दावा निकाली निघेपर्यंत वनजमिनीवरून हुसकावता येत नाही, हे वनहक्क कायद्याचं कलम 4(5) कागदावर लिहून खिशात ठेवा.

ज्यांच्याकडं दाव्याची पोचपावती नाही, त्यांनी जेवणाआधी इथं नाव, गाव नि किती वर्षं कसता ते लिहून द्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी दाराशी पोरं बसवली आहेत.