शाळेचा खर्च आणि कारखान्याचे फाटक



शिक्षण आणि रोजगार यांविषयीच्या एका इंग्रजी पुस्तकाचे मराठी भाषांतर नुकतेच माझ्या हातून पुरे झाले. त्या निमित्ताने मी चार शब्द बोलावेत अशी आपली इच्छा दिसली. मी मराठीची एम. ए.; अर्थशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु भाषांतर करणाऱ्याला एक सवय जडते: जेथे शब्द अडतो तेथे तो थबकतो आणि अडण्याचे कारण शोधू लागतो. या पुस्तकात माझी लेखणी अडली ती ‘गुंतवणूक’ या शब्दापाशी. सरकार शिक्षणावर जो पैसा घालते त्याला मूळ लेखक सर्वत्र गुंतवणूक म्हणतो. आपल्या अंदाजपत्रकात मात्र शाळेची इमारत बांधली तर तो भांडवली खर्च ठरतो, आणि त्या इमारतीत तीस वर्षे शिकवणाऱ्या शिक्षकाचा पगार महसुली खर्चात पडतो. म्हणजे भिंत टिकते आणि शिकवलेले मात्र त्या त्या वर्षी संपून जाते, असा हा हिशेब! तो सोयीसाठी असेल. पण या सोयीमुळे काय होते ते मला एन्नोरला दिसले.

पुस्तकातील एक प्रकरण तामिळनाडूविषयी आहे. त्यातील स्थळनामांचे उच्चार तपासावेत, एवढ्या क्षुल्लक कारणाने मी चेन्नईला गेले आणि गुम्मिडिपूंडीच्या लोकल गाडीने एन्नोरला उतरले. चेन्नईच्या उत्तर टोकाला, कोसस्थलैयार नदी खाडीच्या रूपाने समुद्राला मिळते तेथे हे गाव आहे. खाडीच्या काठाने कुप्पमे, म्हणजे आपले कोळीवाडे. आणि त्यांच्या भोवती गेल्या पाऊणशे वर्षांत उभे राहिलेले कारखाने. १९४८ साली अशोक मोटर्स ही कंपनी स्थापन झाली आणि येथे मोटारी जुळवू लागली; १९५५ साली तिचे नाव अशोक लेलँड झाले. १९७० साली सुरू झालेले औष्णिक वीजकेंद्र २०१७ साली बंद पडले. दरम्यान खाडीपलीकडे त्याहून मोठे वीजकेंद्र आले होते, आणि २००१ साली बंदर आले. या बंदराला २०१४ पासून कामराज यांचे नाव आहे.

हे नाव ऐकून मी चमकले. के. कामराज १९५४ ते १९६३ या काळात मद्रास राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांची स्वतःची शाळा लहानपणीच सुटली होती आणि मामाच्या कापडदुकानात ते कामाला लागले होते. त्यांच्या आधीचे मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी १९५३ साली एक योजना आणली होती: ग्रामीण भागातील प्राथमिक शाळेतील मुलाने अर्धा वेळ शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळात बापाचा धंदा शिकावा. कोळ्याच्या मुलाने जाळे विणावे, कुंभाराच्या मुलाने चाक फिरवावे. कामराजांनी ती योजना १९५४ साली रद्द केली. १९५६ साली शाळांतून दुपारचे जेवण सुरू झाले, शिक्षणसंचालक सुंदरवडिवेलू यांच्या पुढाकाराने गावोगाव लोकांनी शाळांना बाके, फळे, घड्याळे दिली, आणि पुढे शालान्त परीक्षेपर्यंतचे शिक्षण मोफत झाले. त्याच दशकात पेरांबूरला रेल्वेचे डबे बनवणारा कारखाना निघाला, गिंडीला औद्योगिक वसाहत वसली. शाळा आणि कारखाना एकाच पिढीच्या वाट्याला आले. शालान्त परीक्षा, आय. टी. आय., १९६१च्या कायद्याप्रमाणे उमेदवारी आणि मग कायम नोकरी, अशी एक वाट त्या पिढीला मिळाली. आज देशात सर्वाधिक कारखाने आणि सर्वाधिक कारखाना-कामगार तामिळनाडूत आहेत; देशभरच्या कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक त्या एका राज्यात आहेत. एकट्या शाळांनी हे घडवले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण शाळांवाचून हे घडले नसते, असे मी निःशंकपणे म्हणते.

एवढ्यावर थांबता आले असते तर हे भाषण फार सोपे झाले असते. एन्नोरच्या काठावर माझ्याच वयाचे एक कोळी गृहस्थ भेटले. सोबतच्या शिक्षिकाबाई दुभाष्याचे काम करीत होत्या. त्यांचा मुलगा सरकारी तंत्रनिकेतनातून यंत्रविद्येची पदविका घेऊन बाहेर पडला आहे आणि तीन वर्षे सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर निरनिराळ्या ठिकाणी राबतो आहे. ते म्हणाले, “बाई, माझ्या बापाने मला शाळेत घातले नाही, कारण खाडीत कोळंबी होती. मी मुलाला घातले, कारण खाडीत आता राख आहे.” यात अतिशयोक्ती नाही. वीजकेंद्राची राख नळांतून गळून खाडीत साचत गेली आहे. डिसेंबर २०२३च्या वादळात आणि पुरात खाडीवर तेलाचा थर आला आणि होड्या, जाळी काळी झाली. इरुळर जमातीच्या स्त्रिया येथे पाण्यात बसून हातांनी कोळंबी वेचतात. त्या कामाला प्रमाणपत्र लागत नाही, आणि ते गेले तरी कोठल्याही नोंदवहीत बेकारी वाढलेली दिसत नाही.

बंदराचे काय? कामराज बंदर हे ‘जमीनमालक’ पद्धतीचे बंदर आहे: धक्के भाड्याने द्यायचे, काम ठेकेदार कंपन्यांनी करायचे, स्वतःचे मनुष्यबळ अगदी थोडे. वीजकेंद्रासाठीचा कोळसा जहाजातून उतरतो तो सरकत्या पट्ट्यांवरून थेट केंद्रात जातो. गुंतवणूक प्रचंड आणि हात मोजके. ज्याने मुलांना शाळेत बसवले त्याचे नाव फाटकावर, आणि ती शाळा शिकलेल्याची पोरे फाटकाबाहेर. हा दोष शाळेच्या पदरात कसा घालायचा?

तरीही तो घातला जातो. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या २०२४च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतातील पदवीधर तरुणांत बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत अवघे ३.४ टक्के. हे आकडे दाखवून ‘शिकवून काय मिळाले?’ असे विचारणारे विद्वान मी पाहिले आहेत. निरक्षर मनुष्याला बेकार राहणे परवडत नाही, एवढाच त्या ३.४चा अर्थ. मिळेल ते काम तो घेतो. ३० सप्टेंबर २०२५ रोजी एन्नोरच्याच नव्या वीजप्रकल्पाच्या बांधकामावरील पोलादी सांगाडा कोसळून नऊ मजूर मरण पावले. ते बहुतेक आसामकडून आलेले होते. काम एन्नोरला होते, पदविकाधारक मुलेही एन्नोरला होती. पण ते काम त्या शिक्षणासाठी नव्हते आणि ते शिक्षण त्या कामासाठी नव्हते.

या बाबतीत मला सर्वांत उद्बोधक वाटली ती इंडोनेशियाची हकीकत. १९७३ नंतरच्या पाच-सहा वर्षांत त्या देशाने तेलाच्या उत्पन्नातून एकसष्ट हजारांवर प्राथमिक शाळा बांधल्या. पुढे एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी हिशेब मांडला, तेव्हा या शाळांत शिकलेल्यांची मजुरी वाढलेली आढळली. त्यांच्याच नंतरच्या अभ्यासात मात्र असे दिसले की, जेथे शिकलेले तरुण एकाएकी वाढले तेथे आधीच्या पिढीच्या मजुरीची वाढ मंदावली; कारण यंत्रे आणि कारखाने त्या वेगाने वाढले नव्हते. शाळा कामकरी घडवते; काम घडवण्यास दुसराच पैसा लागतो. दोन्ही पैसे एका सुमारास आणि एकाच मुलखात पडले तर १९५०-६०चे पेरांबूर होते, एरवी आजचे एन्नोर.

एका ठिकाणी मात्र शिक्षणावरचा पैसा सरळच रोजगार होतो, आणि त्याकडे आपले लक्ष क्वचित जाते: शाळेतच. १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी पोषण आहार योजना वाढवली तेव्हा केंद्र चालवणारी, स्वयंपाकीण आणि मदतनीस अशी कामे निघाली, ती लाखाच्या वर गेली आणि मुख्यतः गरजू स्त्रियांना मिळाली. भिंत बांधणारा गवंडी सहा महिन्यांनी निघून जातो. चूल पेटवणारी बाई रोज येते.

आपल्याकडे वेगळे काय आहे? महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितले होते की, सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. त्या शिक्षणातून कारकून आणि पंतोजीच निघतात, हीही त्यांची तक्रार होती. १९६४-६६च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूरकडचे. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणाला द्यावा, असे त्या आयोगाने सुचवले. तो अद्यापि दिला गेलेला नाही. हातांना काम शिकवण्यासाठी आयोगाने जो ‘कार्यानुभव’ सांगितला, त्यात आमच्या शाळेत रुमालाला टीप घालणे आणि क्रेप कागदाची फुले एवढेच होते. पुढे गावोगाव डी. एड. विद्यालये निघाली, घरातला दागिना मोडून मुली शिकल्या, आणि २०१२ साली शिक्षकभरतीवर बंदी आली. वर्ग होते, मुले होती, पदविका होत्या. पगार तेवढा महसुली खर्च होता! २००० पासून ज्यांना घेतले त्यांतील पुष्कळांना प्रथम ‘शिक्षणसेवक’ म्हणून तीन वर्षे मानधनावर काढावी लागली. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंनाही मानधनच. या शब्दातील मान आणि धन ही दोन्ही पदे मी भाषांतराच्या टेबलावर बराच वेळ उलटून पाहिली.

मूळ लेखक जेथे शिक्षकांच्या पगाराला गुंतवणूक म्हणतो, तेथे मी ‘गुंतवणूक’ हाच शब्द ठेवला आहे. संपादकांनी ‘खर्च’ सुचवला होता. आणि जेथे वेतन आहे तेथे ‘वेतन’ लिहिले आहे. ‘मानधन’ हा शब्द त्या तीनशे पानांत आपल्याला आढळणार नाही.