मीठ, पाणी आणि मुलाचा मेंदू

चैत्र-वैशाखांत आपल्या रत्नागिरींत घरोघरीं लोणच्याची तयारी चालते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलें कीं त्या पाणी सोडतात आणि आक्रसतात. उलट मनुका साध्या पाण्यांत टाकल्या तर फुगतात. स्वयंपाकघरांतील हाच नियम आजारी मुलाच्या मेंदूलाही लागू आहे. तो न जाणल्यामुळें बरें होऊं लागलेलें मूलही कधीं कधीं कायमचें अधू होतें. म्हणून त्याविषयीं आज दोन शब्द सांगावयाचे आहेत.

मिठांत सोडियम नांवाचें द्रव्य असतें. निरोगी मुलाच्या एक लिटर रक्तद्रवांत त्याचें प्रमाण १३५ ते १४५ मिलिमोल असतें. मुलास हगवण लागली, वांत्या झाल्या, पाण्याबरोबर क्षारही निघून गेले आणि आपण त्यास केवळ साधें पाणीच पाजीत राहिलों, तर हें प्रमाण उतरतें. मग पाणी मेंदूच्या पेशींत शिरतें व त्या मनुकांप्रमाणें फुगूं लागतात. कवटी मात्र फुगूं शकत नाहीं. मूल सुस्त होतें, चिडचिड करतें, प्रसंगीं त्यास झटके येतात.

परंतु हा उतार दोन दिवसांहून अधिक काळ हळूंहळू झाला असेल, तर मेंदूच्या पेशी आपल्यांतील कांहीं क्षार व इतर द्रव्यें बाहेर टाकून पुन्हां मूळ आकाराजवळ येतात. ही निसर्गाची तडजोड होय. अशा वेळीं शिरेंतून खारें पाणी भराभर देऊन सोडियम एकदम चढविलें, तर पेशींतील पाणी मीठ लावलेल्या कैरीप्रमाणें बाहेर ओढलें जातें, आणि मज्जातंतूंवरील मायलिन नांवाचें वेष्टण नष्ट होऊं लागतें. यांतील दगा असा कीं, मूल प्रथम सावध होतें, घरच्यांस हायसें वाटतें. आणि कांहीं दिवसांनीं त्याची वाचा अडखळते, घास गिळवत नाहीं, हातपाय लुळे पडतात. कांहीं मुलें सुधारतात, कांहींचें व्यंग कायम राहतें. हा विकार १९५९ सालीं अमेरिकन डॉक्टरांनीं प्रौढ रोग्यांत प्रथम वर्णिला. मुलांत तो विरळ आहे. तथापि कुपोषित व यकृताच्या रोगानें पीडित मुलांस त्याचें भय अधिक.

यास्तव डॉक्टर २४ तासांत सोडियम साधारणतः ८ ते १० मिलिमोलांपेक्षां अधिक चढूं देत नाहींत, व पुनःपुन्हां रक्त तपासतात. झटके येत असल्यास मात्र तीव्र खारें पाणी थोडेंसें, मोजून, त्वरित द्यावें लागतें. तो निर्णय सर्वस्वीं डॉक्टरांचा. "सलाईन इतकें सावकाश कां?" असें म्हणून नळीवरचें चाक स्वतःच फिरविणाऱ्या नातलगांचा उतावळेपणा येथें घातक ठरतो.

मुळांत ही वेळच न येईल असें करतां येतें. १९७१ सालीं बांगलादेशाच्या युद्धकाळांत बनगांवच्या निर्वासित छावणींत पटकी पसरली आणि शिरेंतून द्यावयाचें पाणी अपुरें पडलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा पाण्यांत मिसळून रोग्यांस पाजविला. मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ३० च्या आसपास होतें, तें ४ च्या खालीं आलें. त्याच धर्तीची क्षार-साखरेची पुडी आज औषधांच्या दुकानांत मिळते. तिजवर लिहिलेल्या मापाच्याच स्वच्छ पाण्यांत ती कालवावी. पाणी कमीअधिक करूं नये, वरून मीठही घालूं नये. अंगावरचें दूध चालूं ठेवावें. मूल गुंगूं लागलें किंवा झटका आला, तर क्षणभरही घरीं न थांबतां रुग्णालय गांठावें.

श्रोतेहो, जें हळूंहळू उतरलें, तें हळूंहळूच चढवावें. मुलाच्या उशाशीं बसून धीर धरणें, हीदेखील शुश्रूषाच आहे.