काचेमागचा बाप, फोनवरची आई : लॅटिनो आत्मकथनं ऐकताना



पत्रिकेवर आजचा विषय 'लॅटिनो लेखकांची प्रेरणादायी आत्मकथनं' असा छापला आहे. त्यात मी दोनच शब्दांची भर घालते : 'ऐकण्याजोगी' आणि 'थोडी'. ही पुस्तकं डोळ्यांनी वाचता येतातच, पण कानांनी घेतली की त्यांच्यातलं बरंच काही जास्त उघडतं, असं माझं मत आहे. तेवढंच पटवायला मी उभी आहे. आपल्याकडे ते अवघड जाऊ नये. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी माणसं खुर्च्यांवर बसून तास-दीड तास दुसऱ्याचं बोलणं ऐकतात, ही न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात लावलेली सवय. पंखे कमी, डास जास्त, तरी ती सुटलेली नाही.

लॅटिनो म्हणजे कोण, ते आधी उरकून घेते. मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं, दक्षिण अमेरिका इथली मुळं असलेली आणि अमेरिकेत राहणारी माणसं. बाई असेल तर लॅटिना. २०२० च्या अमेरिकन जनगणनेत त्यांची संख्या ६ कोटी २१ लाख भरली. दर पाच माणसांत जवळपास एक. हे सगळे बाहेरून आलेले, असंही नाही. कॅलिफोर्निया आणि न्यू मेक्सिको हा मुलूख १८४८ पर्यंत मेक्सिकोचाच होता. तिथली काही घराणी जागची हललीच नाहीत, सीमाच त्यांच्यावरून सरकली. प्वेर्तो रिकोच्या लोकांना तर १९१७ पासून अमेरिकेचं नागरिकत्व आहे. तरी न्यूयॉर्कमध्ये त्यांना 'तुम्ही कुठले?' हा प्रश्न चुकत नाही.

न्यायमूर्तींचं नाव निघालंच आहे, तर सुरुवातही एका न्यायमूर्तींपासून करू. सोनिया सोतोमायोर. २००९ पासून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश, तिथवर पोचलेली पहिली लॅटिना. जन्म १९५४ चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, प्वेर्तो रिकोहून आलेल्या आईबापांच्या पोटी. 'माय बिलव्हेड वर्ल्ड' हे त्यांचं आत्मकथन २०१३ साली आलं. एवढ्या मोठ्या पदावरच्या बाईचं पुस्तक म्हटल्यावर आपण शपथविधी, राष्ट्राध्यक्ष, काळा झगा यांची वाट बघायला लागतो. सर्वोच्च न्यायालयाचा टप्पा पुस्तकात येतच नाही. १९९२ साली त्या पहिल्यांदा न्यायाधीश झाल्या, तिथेच हकिगत थांबते. सुरुवात होते एका इंजेक्शनवरच्या भांडणाने.

सोनिया सात वर्षांची असताना तिला मधुमेह निघाला, रोज इन्सुलिन टोचावं लागणारा. आई नर्स, कामाच्या पाळ्यांमुळे बरेचदा घराबाहेर. वडिलांनी सुई हातात घेतली की त्यांचे हात थरथरायचे, आणि ते का थरथरतात हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं : दारू. कुणी टोचायचं यावरून दोघांची जुंपली आणि ती पोरीने ऐकली. मग तिनेच ठरवलं, माझं मी टोचून घेईन. त्या काळी सुई वापरून फेकून द्यायची नसे. काचेची सिरिंज आणि सुई दर वेळी पाण्यात उकळून घ्यावी लागे. पोरीचा हात शेगडीपर्यंत पोचत नव्हता. तिने खुर्ची ओढत नेली, वर चढली, काडी पेटवून गॅस लावला आणि भांड्यातल्या पाण्याला उकळी फुटायची वाट बघत उभी राहिली. आईने कसं करायचं ते दाखवलं; ओरडली नाही, थांबवलंही नाही. दोन वर्षांत वडील गेले.

मला विचाराल तर या पुस्तकातली प्रेरणा, तो शब्द वापरायचाच असेल तर, त्या भांड्यातल्या पाण्यात आहे. ही पोर जगाला काही दाखवून द्यायला खुर्चीवर चढलेली नाही. मोठी माणसं आपापल्या विवंचनेत बुडाली आहेत आणि आपलं काम आपल्यालाच करावं लागणार, एवढंच तिला कळलं आहे. आज मी ज्या पुस्तकांबद्दल बोलणार आहे, त्यांतल्या बहुतेकांत हेच चाललंय. मोठी माणसं जगण्याच्या धडपडीत कुठेतरी लांब, आणि मूल आपलं आपण मोठं होतंय.

सोतोमायोरबाईंचं पुस्तक ऑडिओवर वाचलं आहे रीटा मोरेनो यांनी. १९३१ साली प्वेर्तो रिकोत जन्मलेल्या, पाच वर्षांच्या असताना आईबरोबर न्यूयॉर्कला आलेल्या, 'वेस्ट साइड स्टोरी'तल्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळवलेल्या अभिनेत्री. म्हणजे लेखिकेच्या आधीच्या पिढीतली, त्याच बेटावरून त्याच शहरात आलेली बाई ही हकिगत सांगते आहे. आजीच्या घरी शनिवारी रात्री जमणारे नातेवाईक, डॉमिनोचा डाव, संगीत, मग आजीने उभं राहून म्हटलेल्या कविता हे सगळं छापील पानावर इंग्रजीत आहे. त्यातली नावं आणि हाका मोरेनोंच्या तोंडून येतात, तेव्हा ते घर मुळात कुठल्या भाषेत बोलत होतं ते कळतं.

आणि घरची भाषा पुढे अडते. १९७२ साली सोनिया प्रिन्स्टनला गेली. पहिल्याच मोठ्या निबंधाला 'सी' श्रेणी. इंग्रजी वाक्यं स्पॅनिश वळणाची पडत होती, वाक्यरचना तुटक होती. तिने काय केलं? सुट्टीत व्याकरणाची पुस्तकं काढली आणि रोज नवे शब्द पाठ केले. १९७६ साली बाहेर पडली ती त्या विद्यापीठाचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा सर्वोच्च सन्मान घेऊन. मराठी शाळेतून थेट इंग्रजी कॉलेजात जाऊन पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकावर सरकलेले इथे पुष्कळ जण असतील. त्यांना यावर माझं भाष्य नको.

मात्र याच अनुभवातून नेमका उलटा निष्कर्ष काढणारा एक लेखक आहे, आणि त्याला टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. रिचर्ड रॉड्रिगेझ, 'हंगर ऑफ मेमरी', १९८२. मेक्सिकन आईबापांचा हा मुलगा कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत शाळेत गेला तेव्हा त्याला जेमतेम पन्नास इंग्रजी शब्द येत होते. एक दिवस शाळेतल्या नन घरी आल्या आणि म्हणाल्या, मुलांशी घरात इंग्रजीतच बोला. आईबापांनी लगेच मानलं. मुलं शिकली, पुढे गेली, आणि घर गप्प झालं. जेवणाच्या टेबलावर वडील बोलेनासे झाले. लोकांना वाटे, स्वभावच लाजरा आहे. पण तेच गृहस्थ नातेवाइकांशी स्पॅनिशमध्ये बोलताना मुलाने ऐकले होते, आणि तिथे ते लाजरेबिजरे मुळीच नव्हते.

हे पुस्तक सगळं कानांचं आहे. पेट्रोल पंपावरच्या पोऱ्याशी बोलताना वडिलांचं अडखळणारं इंग्रजी, ते ऐकून पोराला आलेली लाज, दाराची कडी लागली की घरभर सुरू होणारी स्पॅनिश. आणि एवढं गमावल्याचं लिहून रॉड्रिगेझ म्हणतात, हे व्हायलाच हवं होतं, शाळेत घरची भाषा आणू नका. द्विभाषिक शिक्षणाला आणि वंशाधारित सवलतींना त्यांचा ठाम विरोध. लॅटिनो चळवळीतले अनेक जण त्यांच्यावर चिडले, आजही चिडतात. मलाही त्यांचं म्हणणं पटत नाही. पण घराच्या गप्प होण्याचं असं वर्णन त्यांच्या विरोधकांपैकी कुणी केलेलं मला ठाऊक नाही.

आता सीमेच्या अलीकडे राहिलेली मुलं. रेयना ग्रांदे १९७५ साली मेक्सिकोच्या गेरेरो राज्यात, इग्वाला गावात जन्मली. ती दोन वर्षांची असताना बाप घर बांधण्यापुरते पैसे कमवायला 'पलीकडे', म्हणजे अमेरिकेत, गेला. पुढे आईलाही बोलावून घेतलं. तीन भावंडं मागे राहिली वडिलांच्या आईकडे, आणि ती आजी काही गोष्टीतली आजी नव्हती. रेयनाला बाप माहीत होता तो भिंतीवरच्या फोटोत, काचेमागे. १९८५ साली तो परत आला आणि मुलांना चोरून सीमेपलीकडे घेऊन गेला. तिथे गेल्यावर कळलं की काचेमागचा माणूस वेगळा होता. हा दारू प्यायचा, मारायचा, आणि शिकलंच पाहिजे असा आग्रहही धरायचा. 'द डिस्टन्स बिट्वीन अस' हे २०१२ चं पुस्तक त्याला माफ करत नाही आणि टाकूनही देत नाही. ज्या मुलांसाठी घर बांधायचं होतं तीच मुलं दुरावली, हा हिशेब ती कुठेही आवाज न चढवता मांडते. आखाती देशांत कमवायला गेलेल्यांची जी घरं कोकणात आणि गोव्यात मागे राहिली, तिथल्या माणसांना हे पुस्तक परकं वाटणार नाही.

हाविएर सामोराची गोष्ट याच्या पुढची. जन्म १९९० चा, एल साल्वादोरमधल्या ला हेरादुरा या गावात. यादवी युद्धाच्या काळात बाप गेला, हा पाच वर्षांचा होईतो आईही गेली. त्याला आईबाप ठाऊक होते ते फोनवर. १९९९ साली, नऊ वर्षांचा असताना, दलालाच्या ताब्यात देऊन त्याला एकट्याला पाठवण्यात आलं. आजोबा ग्वातेमालापर्यंत सोबत आले आणि तिथून माघारी वळले. दोन आठवड्यांत पोचेल असं सांगितलं होतं. लागले नऊ आठवडे. होडीतून समुद्र, बस, ट्रक, पकडलं जाणं, परत पाठवलं जाणं, पुन्हा सोनोराचं वाळवंट.

'सोलिटो' हे पुस्तक २०२२ साली आलं आणि ऑडिओवर ते सामोराने स्वतः वाचलं आहे. मूळचा कवी. पण कवीपणा दाखवायला तो पुस्तकात शिरत नाही, हे त्याचं मोठेपण. सगळं नऊ वर्षांच्या पोराच्या नजरेतून, वर्तमानकाळात. मोठेपणी काय समजलं ते मध्ये येऊन सांगणं नाही. धोरण, कायदा, राष्ट्राध्यक्ष यांतलं एक अक्षर नाही. पोराची चिंता काय, तर बुटाची नाडी नीट बांधता येत नाही आणि अनोळखी माणसांपुढे ते उघडं पडेल. वाळवंटातल्या निवडुंगांची नावं त्याला माहीत नाहीत, म्हणून तो आपल्या मनाने त्यांना टोपणनावं देतो. आणि या सगळ्यात एक काम सतत करायचं : मेक्सिकोत असताना मेक्सिकन वाटायचं. दोन्हीकडे भाषा स्पॅनिशच; पण हेल वेगळे, शब्द वेगळे. तोंड उघडलं की पोलिसांना कळणार. म्हणून पोरगं नवे शब्द घोकतं, आपले गिळतं. कागदावर हे वाचताना आपण समजून घेतो. ऐकताना मात्र तो साल्वादोरचा आवाज, जो लपवायला त्याला शिकवलं होतं, तोच आवाज पूर्ण पुस्तक सांगत असतो.

वाटेत भेटलेला चिनो नावाचा तरुण, पात्रिसिया नावाची बाई आणि तिची मुलगी कार्ला यांनी या परक्या मुलाला आपल्यात घेतलं. चिनोने त्याला पाठीवर वाहून नेलं. पुस्तक या तिघांना अर्पण केलेलं आहे.

मारिया इनोहोसांबद्दल थोडक्यात, कारण त्यांचा व्यवसायच आवाजाचा. 'लॅटिनो यूएसए' या रेडिओ कार्यक्रमाचा आवाज म्हणून अमेरिका त्यांना ओळखते. 'वन्स आय वॉज यू' हे २०२० चं पुस्तक त्यांनीच वाचलं आहे. मेक्सिकोहून विमानाने डॅलसला उतरताना तान्ह्या मारियाच्या अंगावर पुरळ होतं. अधिकारी म्हणाला, हिला इथेच ठेवून जा. आई चवताळून उठली, नि पोर घेऊनच बाहेर पडली. घरात हा किस्सा आईच्या धडाडीचा म्हणून सांगितला जाई. पुढे २०१८ साली सीमेवर मुलं आईबापांपासून तोडली जात होती तेव्हा मारियाबाईंना कळलं की आपण त्यांतलेच एक होता होता राहिलो. वडील संशोधक डॉक्टर, बोलावून आणलेले. म्हणून आईला आवाज चढवता आला. रेयनाच्या आईला तो चढवता आला असता का, हे आपणच ठरवावं. पुस्तकात अमेरिकेच्या स्थलांतर धोरणाचा इतिहास जरा जास्तच पानं खातो, हेही सांगून ठेवते.

आता एक बाई, जी विषयाच्या चौकटीत बसत नाही, कारण ती अमेरिकेतली नव्हे. रिगोबेर्ता मेंचू, ग्वातेमालातली माया आदिवासी. १९८२ साली पॅरिसमध्ये सुमारे आठवडाभर ती टेपरेकॉर्डरपुढे बोलली. स्पॅनिश तिने थोड्याच वर्षांपूर्वी उचललेली. एलिझाबेथ बुर्गोस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी ते उतरवलं, आपले प्रश्न काढून टाकले आणि १९८३ साली पुस्तक केलं. आधी आवाज, मग कागद. १९९२ साली मेंचूला शांततेचं नोबेल मिळालं. १९९९ साली डेव्हिड स्टोल या अभ्यासकाने दाखवलं की काही तपशील जुळत नाहीत : शाळेची पायरी चढले नाही म्हणणारी ही मुलगी प्रत्यक्षात शिकलेली होती, भावाचा मृत्यू सांगितला तसा झाला नव्हता. मोठा वाद झाला, पण पारितोषिक कायम राहिलं. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळाने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने ग्वातेमालात दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेल्याचं आणि बहुतेक अत्याचार सरकारी बाजूने झाल्याचं नोंदवलं. मला हा वाद महत्त्वाचा वाटतो तो यासाठी की सांगणारीचा आवाज आपल्यापर्यंत कुणाच्या हातून येतो, हे विचारल्याशिवाय आत्मकथन ऐकू नये. सामोराने स्वतः माइकसमोर बसणं याची किंमत त्यामुळे कळते.

वेळ संपत आला आहे, तेव्हा कामाचं बोलते. सुरुवात 'सोलिटो'पासून करू नका, ते जड जाईल. आधी सोतोमायोर ऐका, मग ग्रांदे, मग सामोरा. रॉड्रिगेझ हातात घेऊन वाचा, कारण त्यांच्याशी समासात भांडावंसं वाटतं. संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका. मध्ये येणारी स्पॅनिश कळली नाही तरी थांबून अर्थ शोधत बसू नका. 'सोलिटो'तल्या पोरालाही सगळं कळत नव्हतंच. आणि आमच्या घरातल्या तरुण मंडळींना सांगते तेच इथेही सांगते : ॲपमधला वेग दीडपट करून ऐकायचं असेल, तर कृपा करून ही पुस्तकं ऐकूच नका.