क्यूचा पारखी



पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कोलकात्याला बिलियर्ड्सचं जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवलं. त्यामुळे टेबलावरचे हे खेळ आपल्याला अगदीच परके नाहीत. पण क्लबात शिरायचं, स्टँडमधली त्यातल्या त्यात सरळ काठी उचलायची, टोकाला खडू घासायचा आणि खेळाला लागायचं, एवढाच आपला क्यूशी संबंध. अमेरिकेत ‘पूल’ खेळणाऱ्यांमध्ये एक जमात आहे, ती क्यू जमवते. आणि एखादी नामांकित क्यू चांगल्या मोटारीच्या भावात घेते. नोकरीनिमित्त मी न्यू जर्सीत होतो तेव्हा या मंडळींत माझी ऊठबस सुरू झाली ती एका वृद्ध व्यापाऱ्यामुळे. आज बोलायचंय ते त्यांच्याविषयी. पण ते काय विकत होते, ते आधी सांगायला हवं.

या छंदातलं सगळ्यांत मोठं नाव म्हणजे जॉर्ज बालाबुश्का. जन्म १९१२चा, रशियातला. १९२४ साली घरच्यांबरोबर अमेरिकेत आले. लाकूडकाम हाडात मुरलेलं. लहान मुलांची लाकडी खेळणी करायचे. यंत्राच्या करवतीत बोट गेलं, तर स्वतःच बनावट बोट तयार करून बसवलं, असा माणूस! १९५९मध्ये त्यांनी क्यू करायला घेतल्या. सुरुवातीच्या काही तर मित्रांना भेट द्यायला म्हणून केल्या. १९७५ साली ते वारले. तोवर हजार-बाराशे क्यू त्यांच्या हातून झाल्या असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे.

गंमत म्हणजे यांतल्या कितीतरी क्यूंचं कूळ पूल हॉलच्या स्टँडमधलंच. ब्रन्सविक कंपनीची ‘टायटलिस्ट’ नावाची अखंड काठी तेव्हा हॉलमधून सर्रास मिळे. फिकट मेपल आणि मुठीकडचं गडद लाकूड पाचरींसारखं एकमेकांत घुसवून चिकटवलेलं, पाचरींच्या कडेनं रंगीत लाकडाचे पातळ पापुद्रे. हे काम इतकं पक्कं होतं, की बालाबुश्कांसारखा कारागीर ती काठीच कच्चा माल म्हणून घेई. ती कातायची, मधे कापून स्टीलचा जोड बसवायचा, मुठीवर आयरिश लिननचा दोरा घट्ट गुंडाळायचा. पुढे त्यांनी इतरांनी घडवलेले दांडेही वापरले, पण सुरुवात ही अशी.

१९८६ साली मार्टिन स्कॉर्सेसींचा ‘द कलर ऑफ मनी’ हा चित्रपट आला आणि बालाबुश्का हे नाव पूल न खेळणाऱ्यांच्याही तोंडी झालं. चित्रपटात बालाबुश्का म्हणून दिसते ती क्यू त्यांची नव्हेच, जॉस नावाच्या कंपनीची आहे! पण भाव चढायचे ते चढले. जपानमध्ये पूलची लाट आली आणि तिथले शौकीन अमेरिकेतल्या जुन्या क्यू शोधू लागले. आमच्या व्यापाऱ्यांचा जम बसला तो याच काळात. जुन्या खेळाडूंच्या घरी जायचं, कपाटात पडलेल्या क्यू रोख पैसे देऊन घ्यायच्या आणि टोकियोच्या गिऱ्हाइकाला विकायच्या. जपान्यांनी अमेरिकेचा ठेवा नेला म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटले. मला ते काही पटत नाही. कपाटात वाकून गेल्या असत्या, त्या निदान वाचल्या.

आमचे व्यापारी संत वगैरे मुळीच नव्हते. नफा सणसणीत घेत आणि घासाघीस करणाऱ्याला चहासुद्धा विचारत नसत. तरी दूरदूरचे संग्राहक एखादी क्यू घेण्याआधी त्यांना दाखवायला आणत. कारण असं, की जुन्या क्यूवर पुष्कळदा कारागिराची सही नसते. नकला होतात. बालाबुश्का हे नाव तर पुढे परवाना घेऊन कारखान्यात केलेल्या क्यूंवरही आलं. मग खरं-खोटं ठरवायचं कुणी?

त्यांची तपासणी पाहण्यासारखी असे. आधी क्यूचे दोन भाग सोडवून वरचा दांडा काचेवर घरंगळत सोडायचा. वाकलेला असेल तर काच आणि लाकूड यांमधली फट लगेच उघडमीट करते. मग भिंग घेऊन पाचरींची टोकं. खरोखर एकमेकांत घुसवलेल्या पाचरीचं टोक सुईसारखं निमुळतं होत जातं. यंत्रानं खाच कोरून लाकूड बसवलं असेल, तर फिरत्या पात्याला तितकी धार साधत नाही, टोक किंचित गोल राहतं. शेवटी जोडाजवळच्या कड्यांवरून नख फिरवायचं. लाकूड वर्षानुवर्षं आक्रसतं, कडं आक्रसत नाही; तिथे नख अडखळलं पाहिजे. गुळगुळीत लागलं, तर कुणीतरी क्यू घासून पुन्हा पॉलिश केली आहे. हे कळलं की त्यांचा चेहराच पडायचा.

विकलेल्या प्रत्येक क्यूबरोबर ते एक कार्ड देत. कुणाकडून घेतली, वरचा दांडा मूळचा की बदललेला, मुठीचा दोरा केव्हा नवा घातला, सगळं त्यावर. माल विकणाऱ्यानं मालातली खोट स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायची, ही पद्धत त्यांच्या बरोबरीच्या व्यापाऱ्यांना अर्थातच खुपत असे. पण त्यांचं पाहून आमच्यातले संग्राहक इतर दुकानांतही कार्ड मागू लागले, आणि ते द्यावं लागलं.

२०१४ साली न्यू जर्सीनं हस्तिदंताच्या विक्रीवर बंदी आणली. न्यू यॉर्कनंही त्याच वर्षी कायदा कडक केला आणि २०१६मध्ये केंद्र सरकारचे नियम आले. जुन्या उंची क्यूंमध्ये टोकाखालची टोपी, जोड, नक्षी या सगळ्याला हस्तिदंत वापरलेला असे. कायदा योग्यच, हत्तींपुढे काठ्यांची काय मातब्बरी, असं ते स्वतःच म्हणत. पण त्यांच्याकडच्या सगळ्यांत देखण्या क्यू त्या दिवसापासून विक्रीतून बाद झाल्या.

त्यांच्यामागे त्या क्यू मुलाकडे गेल्या. वारसाला ठेवता येतात, त्यानं विकायच्या मात्र नाहीत. मुलानं मध्यंतरी फोनवर विचारलं, मग यांनी खेळायला तरी हरकत नाही ना? मी म्हटलं, कायद्यात तरी तसं काही नाही. बेलाशक खेळ, फक्त मोटारीच्या डिकीत उन्हात ठेवू नकोस.