हौशी पटकथालेखक आणि त्यांचे वाचक

कवीला आपली कविता शेजारच्या मित्रास वाचून दाखवितां येते. नाटक लिहिणाऱ्यास आळींतील चार मुलें गोळा करून गणेशोत्सवांत एकादा प्रवेश उभा करतां येतो, आणि प्रेक्षक हंसले कीं जांभया देऊं लागले हें त्याच रात्रीं कळतें. चित्रपटाची पटकथा लिहिणाऱ्याची स्थिति याहून निराळी आहे. त्याच्या लिखाणाला वाचक असा नसतोच. शंभर-सव्वाशें पानांचा तो मजकूर सहसा छापून विकला जात नाहीं. रसिक तो हौसेनें हातीं धरीत नाहींत. आणि चित्रपट पुरा झाला कीं ते कागद कोणाच्या आठवणींतहि राहत नाहींत. घर उभें राहिल्यावर नकाशा कोण पाहतो? तथापि घर बांधावयाचें कीं नाहीं याचा निर्णय त्या नकाशावरच व्हावयाचा असतो. अशा लिखाणाला पहिला प्रामाणिक वाचक कोठून मिळवावा, हा हौशी पटकथालेखकापुढील खरा प्रश्न होय. आणि तो अमेरिकेंत जितक्या तीव्रतेनें उभा राहिला तितका अन्यत्र क्वचितच राहिला असेल.

आरंभीं तेथें दार उघडें होतें. कॅलेम कंपनीनें १९०७ सालीं 'बेन हर' ही लोकप्रिय कादंबरी कोणाचीहि परवानगी न घेतां पडद्यावर आणली. प्रकाशकांनीं दावा लावला, व १९११ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें कंपनीस जबाबदार धरलें. उचललेल्या कथांवर निर्वाह करण्याची सोय अशा रीतीनें संपतांच नव्या कथांची गरज वाढली. पुढच्याच वर्षीं ॲनिटा लूस नांवाच्या कॅलिफोर्नियांतील तरुणीनें 'द न्यूयॉर्क हॅट' ही कथा टपालानें बायोग्राफ कंपनीकडे धाडली. कंपनीनें तिला २५ डॉलर दिले. ग्रिफिथनें त्या कथेचा चित्रपट केला व मेरी पिकफोर्ड हिनें त्यांत काम केलें. अशा गोष्टी कानांवर येतांच सामान्य नोकरदार व गृहिणीहि लिहूं लागल्या, आणि त्यांना टपालानें पटकथा शिकविणाऱ्या शाळा निघाल्या. लेखकांच्या हौसेवर धंदा करणारे ते पहिले लोक. शेवटचे मात्र नव्हत.

पुढें स्टुडिओंनीं पगारी लेखक ठेवले आणि बाहेरच्या टपालाची गरज उरली नाहीं. त्यांतच न्यायालयाची भीति मिळाली. ती निराधार नव्हती. १९४९ सालीं व्हिक्टर डेस्नी या गृहस्थानें प्रसिद्ध दिग्दर्शक बिली वाइल्डर यांच्या कचेरींत दूरध्वनि केला. केंटकी संस्थानांतील एका गुहेंत १९२५ सालीं फ्लॉइड कॉलिन्स नांवाचा मनुष्य अडकून मरण पावला होता. त्या घटनेवर डेस्नीनें पांसष्ट पानें लिहिलीं होतीं. साहेब इतकें लांब वाचीत नाहींत, असें चिटणीसबाईंनीं सांगितलें. मग त्यानें तीन-चार पानांचा सारांश तयार करून दूरध्वनीवरूनच वाचून दाखविला. बाईंनीं तो लघुलिपींत उतरून घेतला. वापरल्यास मोबदला द्यावा लागेल, असें डेस्नीनें बजावलें. १९५१ मध्यें गुहेंत अडकलेल्या मनुष्यावरचा वाइल्डर यांचा 'एस इन द होल' हा चित्रपट लागला, आणि डेस्नीनें दावा गुदरला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें १९५६ मध्यें असें ठरविलें कीं, घडलेली घटना कोणाच्याच मालकीची नाहीं. परंतु मोबदल्याच्या अटीवर कोणी कल्पना सांगितली, आणि ऐकणाऱ्यानें ती अट जाणून कल्पना स्वीकारली व वापरली, तर लेखी कागद नसतांहि करार घडूं शकतो. प्रकरण शेवटीं तडजोडीनें मिटलें. परंतु मुळांतच सावध असलेल्या कंपन्या अधिक सावध झाल्या. अनोळखी लेखकाचें पाकीट न फोडतां परत करावें, एजंटामार्फत आलेलें तेवढें पाहावें, हा परिपाठ पक्का झाला. वाचल्याचा पुरावाच नसला म्हणजे चोरीचा आरोप राहत नाहीं, असा हा साधा हिशेब!

याची दुसरी बाजू अशी कीं, हौशी लेखकहि चोरीच्या भीतीनें पछाडलेला असतो. तो आपली पटकथा प्रथम लेखकसंघाच्या दप्तरांत नोंदवितो. तें योग्यच आहे. नोंदीमुळें लिखाणाची तारीख सिद्ध होते. परंतु कित्येक जण तेवढ्यावर न थांबतां ती मित्रालाहि दाखवीत नाहींत. पेटींत ठेवलेली पटकथा चोरीला जात नाहीं हें खरें, पण तिच्यांतील दोषहि मग तेथेंच सुरक्षित राहतात.

एजंटामार्फत पोंचलेली संहिता तरी कोण वाचतो? निर्माता नव्हे. वाचतो तो स्टुडिओचा वाचक. हा बहुधा तरुण असतो, त्याला संहितेमागें ठराविक रक्कम मिळते, आणि पुष्कळदां त्याच्या स्वतःच्या टेबलाच्या खणांतहि एक अप्रकाशित पटकथा पडलेली असते. कथेचें सार एका वाक्यांत, मग एक-दोन पानांत कथानक, मग आपलें मत, आणि शेवटीं 'नको', 'विचार करावा' किंवा 'शिफारस' यांपैकीं एक शेरा, असें त्याच्या अहवालाचें स्वरूप असतें. वरिष्ठ तो अहवाल वाचतात. संहिता वाचतीलच असें नाहीं. अहवाल दप्तरीं राहतो, आणि तीच संहिता चार वर्षांनीं नवें वेष्टण चढवून आली तर जुना शेरा बाहेर निघतो. ज्याच्यासंबंधानें हें सर्व लिहिलें जातें त्या लेखकास मात्र तो कागद सहसा दिसत नाहीं. परीक्षकानें पेपर तपासून गुण फक्त शाळेच्या चालकांस कळवावे, आणि विद्यार्थ्यास केवळ नापास म्हणून घरीं पाठवावें, असाच हा प्रकार.

आणि त्या गुणांची तरी विश्वासार्हता किती? चक रॉस नांवाच्या लेखकानें याची एक परीक्षाच घेतली. १९४२ चा 'कासाब्लांका' हा चित्रपट सर्वांच्या परिचयाचा. उत्कृष्ट पटकथेचें अकादमी पारितोषिकहि त्याला मिळालेलें. तो ज्या नाटकावरून घेतला त्याचें मूळ नांव 'एव्हरीबडी कम्स टु रिक्स'. रॉसनें त्या चित्रपटाची संहिता टंकलिखित करून, तिला नाटकाचें मूळ नांव व एका काल्पनिक लेखकाचें नांव देऊन, २१७ एजंटांकडे पाठविली, आणि १९८२ सालीं 'फिल्म कॉमेंट' या नियतकालिकांत निकाल प्रसिद्ध केला. सुमारें नव्वद ठिकाणांहून ती न वाचतांच परत आली. तेहतीस जणांनीं ती ओळखली. अडतीस जणांनीं वाचली म्हणून सांगितलें, ओळखली नाहीं, आणि नाकारली. कोणी संवाद फार असल्याची तक्रार केली. तिघे जण ती विकून देण्यास तयार झाले. एकानें तिची कादंबरी करावी असा सल्ला दिला. या प्रयोगाची गोष्ट सांगून हौशी लेखक आपलें समाधान करून घेत असतात, परंतु तें समाधान फसवें आहे. 'कासाब्लांका' नाकारली गेली, यावरून नाकारलेली प्रत्येक संहिता 'कासाब्लांका' असते असें सिद्ध होत नाहीं. सिद्ध होतें तें इतकेंच कीं, घाईंत वाचणाऱ्याचा शेरा म्हणजे निर्णय असतो, अभिप्राय नव्हे.

हा भेद लक्षांत आल्यावर हौशी लेखकांनीं एकमेकांचे वाचक होण्याचा मार्ग धरला. संगणकांच्या जाळ्यामुळें तो सुलभ झाला. दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या झोइट्रोप संस्थेनें, आणि २००२ पासून नट केव्हिन स्पेसी यांच्या ट्रिगर स्ट्रीटनें, अशा परस्पर-परीक्षणाची व्यवस्था केली होती. नियम साधा होता: आपली संहिता वाचली जावी अशी इच्छा असेल तर आधीं दुसऱ्यांच्या संहिता वाचून त्यांवर परीक्षणें लिहावीं. भिशींत पैसे घालावे आणि आपली पाळी आली कीं उचलावे, तसें. अर्थात् भिशींतले दोष येथेंहि आले. कोणी दहा पानें चाळून परीक्षण लिहीत. कोणी स्तुतीच्या बदल्यांत स्तुति मागत. कडक अभिप्राय मिळालेला लेखक पुढच्या वेळीं तलवार उपसून बसे. परंतु या व्यवस्थेचा एक लाभ असा होता कीं, जो तिजकडे लाभ म्हणून पाहत नसे त्यालाहि तो मिळे. दुसऱ्याच्या दहा कच्च्या पटकथा लक्षपूर्वक वाचणाऱ्यास स्वतःच्या पटकथेंतील दोष आपोआप दिसूं लागत.

हे दोष बहुधा ठरलेले असतात. पटकथेचें एक पान म्हणजे पडद्यावरचा सुमारें एक मिनिट, हा हिशेब नवा लेखक विसरतो, आणि नायकाची ओळख करून देण्यांत पंचवीस पानें घालवितो. 'त्याला आपलें पोरकें बालपण आठवलें' असें तो लिहितो. कादंबरींत हें वाक्य चालेल. कॅमेऱ्यास बालपण आठवलेलें दिसत नाहीं. पडद्यावर दिसतें किंवा ऐकूं येतें तेवढेंच कागदावर असावें, हें कोणा वाचकानें दाखविल्याखेरीज लेखकाच्या ध्यानांत येत नाहीं, कारण त्याच्या स्वतःच्या मनांत तें पोरकें बालपण संपूर्ण उभें असतें.

उपयोगी अभिप्राय कोणता आणि निरुपयोगी कोणता, याचाहि येथें विचार केला पाहिजे. 'चाळिसाव्या पानावर माझें लक्ष उडालें' असें वाचक म्हणाला तर तें बहुतेक खरें मानावें. आपलें लक्ष कोठें उडालें हें त्याच्यापेक्षां अधिक कोणास ठाऊक असणार? परंतु 'नायकास डॉक्टर न करतां वकील करा' असें तो म्हणूं लागला कीं सावध व्हावें. रोग्यानें पोट दुखतें म्हटलें तर विश्वास ठेवावा, औषध त्याच्याकडून लिहून घेऊं नये. आणि चाळिसाव्या पानावर लक्ष उडालें, तर चूक पुष्कळदां दहाव्या पानावर असते. शिवाय एकाच वाचकाच्या मतानें संहिता बदलूं नये. तिघांनीं स्वतंत्रपणें एकाच जागीं बोट ठेवलें तर ती जागा पुनः लिहावी. उलट, प्रत्येकाच्या सूचनेप्रमाणें बदल करणारा भिडस्त लेखकहि आढळतो. त्याची सातव्या वेळीं लिहिलेली पटकथा कोणासच खटकत नाहीं, आणि कोणास आठवतहि नाहीं.

मात्र केवळ अभिप्रायानें लेखकाचें पोट भरत नाहीं. त्याला कोणाच्या तरी नजरेस पडावयाचें असतें, आणि ही दुसरी भूक पहिलीच्या विरुद्ध जाते. ज्यास शिकावयाचें आहे तो आपली अपुरी संहिता दाखवितो. ज्यास नजरेंत भरावयाचें आहे त्यानें अपुरी दाखवितां कामा नये. २००५ सालीं फ्रँकलिन लिओनर्ड या तरुण अधिकाऱ्यानें आपल्या धंद्यांतील शंभराच्या आंत मंडळींस पत्रें लिहून, त्या वर्षीं वाचलेल्या पण चित्रपट न झालेल्या आवडत्या पटकथांचीं नांवें मागविलीं. त्यांतून 'ब्लॅक लिस्ट' ही यादी निघाली. पहिल्याच यादींत डायब्लो कोडी हिची 'जूनो' होती. २००८ मध्यें तिला अकादमी पारितोषिक मिळालें. 'स्लमडॉग मिल्यनेअर' व 'द किंग्ज स्पीच' यांच्या संहिताहि पुढील याद्यांत येऊन गेल्या. पण या याद्यांत येणाऱ्या संहिता बहुधा एजंटांमार्फत आधींच हातोहातीं फिरत असत. अगदीं बाहेरच्या लेखकासाठीं याच संस्थेनें २०१२ मध्यें निराळी सोय केली: महिना २५ डॉलर भाडें देऊन संहिता ठेवावी, आणि प्रत्येक परीक्षणास ५० डॉलर भरावे. पुढें हे दर वाढले. परीक्षक कथाकल्पना, कथानक, पात्रें, संवाद यांस दहांपैकीं गुण देतो. गुण चांगले पडले तर निर्मात्यांची नजर वळते. न पडले तर कित्येक लेखक दुसऱ्या परीक्षकासाठीं पुनः पैसे भरतात. पांचांचे सहा होतील या आशेनें संहितेंत एक ओळहि न बदलतां पैसे भरणें म्हणजे जुगार होय. त्यास अध्ययन म्हणतां येणार नाहीं.

स्पर्धांपैकीं सर्वांत मान्यता पावलेली म्हणजे अकादमीची निकोल शिष्यवृत्ति. डॉन निकोल या लेखकाच्या स्मरणार्थ त्याच्या पत्नीच्या देणगींतून ती १९८६ पासून दिली जाऊं लागली. भारतांत जन्मलेल्या राधा भारद्वाज यांना ती १९८९ सालीं मिळाली, व १९९१ मध्यें त्यांचा 'क्लोझेट लँड' पडद्यावर आला. पोर्टलंड शहरांत रेडिओवर बातम्या देणाऱ्या माइक रिच यांना ती १९९८ सालीं मिळाली. त्यांच्या 'फाइंडिंग फॉरेस्टर' मध्यें शॉन कॉनरी यांनीं काम केलें. रेडिओवरून बोलणाऱ्यांना ही गोष्ट विशेष आवडावी! २०२५ मध्यें मात्र अकादमीनें सर्वसामान्य लेखकांचे थेट अर्ज घेणें बंद करून तें काम ब्लॅक लिस्टकडे सोंपविलें.

मुंबईकडे वळलें म्हणजे एक निराळीच रीत दिसते. हिंदी चित्रपटव्यवसायांत संहिता वाचण्यापेक्षां ऐकण्याची चाल फार. लेखकानें निर्मात्यापुढें किंवा नटापुढें बसून दोन तास कथा सांगावयाची. पार्श्वसंगीत तोंडानें, रडणेंहि स्वतःच. कीर्तनाच्या देशांत हें नवल नव्हे. परंतु कथेंतल्या खिंडी सांगणाऱ्याच्या आवाजानें बुजतात, ऐकणाऱ्यास मागचें पान उलटून पाहतां येत नाहीं, आणि ज्या लेखकाला सांगण्याची कला अवगत नाहीं त्याची उत्तम कथाहि तेथें पडते. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळानें २००७ पासून पटकथालेखकांच्या कार्यशाळा भरविल्या. त्यांत अनुभवी सल्लागार संहिता कागदावर वाचून लेखकाबरोबर बसत. कनु बहल यांच्या 'तितली' ची संहिता अशा कार्यशाळेंतून गेली, आणि तो चित्रपट २०१४ मध्यें कान महोत्सवांत दाखविला गेला. एका वेळीं तेथें मोजक्याच संहिता घेतल्या जात. बाकीचे लेखक, नाशिकचे, कोल्हापूरचे, अकोल्याचे, दोघे-तिघे जमून एकमेकांचीं पानें वाचतात, आणि रात्रींची शेवटची एस्टी गांठण्याच्या आंत पेन्सिलीनें समासांत खुणा करून परत देतात.