काजू इथला, दरवाजा तिथला

(ओरोस येथे तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



ओरोसात बसून सिंगापूरवर कशाला बोलायचं, असं काहींना वाटत असेल. पण सिंगापूर आपल्या घरात कधीच शिरलंय. आपल्या आयाबहिणी काजूच्या कारखान्यात बी फोडायला जातात. टरफलातलं तेल हाताला लागतं, कातडी जळते, संध्याकाळी किलोवर मजुरी मिळते. त्या मजुरीचा दोर कुठवर जातो, ते आज बघू.

कारखान्याला बारा महिने बी लागते. कोकणचा हंगाम मात्र उन्हाळ्यापुरता. मग बी येते आफ्रिकेतून. १९८९ साली नायजेरियातली कच्ची बी भारताला विकण्यासाठी ओलम नावाची कंपनी निघाली. १९९६ साली तिनं मुख्यालय सिंगापुरात नेलं आणि पुढं ती शेतमालाच्या जगातल्या बड्या व्यापाऱ्यांत जाऊन बसली. सिंगापुरात काजूच्या बागा आहेत काय? नाहीत. मग तिथं काय आहे?

तिथं दरवाजा आहे. १८१९ साली इंग्रजांनी मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडावर बिनजकातीचं बंदर उघडलं. १९६५ साली स्वतंत्र झालेल्या सिंगापूरनं त्या बंदराला बँका, न्यायालयं आणि करार जोडले. परदेशी माणूस तिथं शंभर टक्के मालकीची कंपनी काढू शकतो, फक्त एक संचालक तिथला रहिवासी लागतो. कंपन्यांवर कर सतरा टक्के. पण २००१ पासूनच्या एका योजनेत बड्या व्यापाऱ्यांना सवलतीचा कमी दर. म्हंजे मोठ्याला दार आणखी रुंद. आफ्रिकेतली बी थेट भारताच्या बंदरात उतरते, जहाज सिंगापूरला लागतही नाही. तरी करार तिथं, पतपत्र तिथं, भांडण झालं तर लवादही तिथं. माल पाण्यातून जातो, नफा कागदातून जातो. हे नीट ध्यानात घ्या.

असा दरवाजा एकेकाळी आपल्याकडंही होता. १६३७ साली डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली. तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. वखारीत हिशेब लिहिणारे वेगळे होते, ओझी वाहणारे वेगळे. दरवाजा सरकला, ओझी वाहणाऱ्यांची जात तीच राहिली.

आता कुणी तुम्हाला सांगेल, पोरांनो, निर्यातदार व्हा! होता येतं. आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक पाचशे रुपयांत ऑनलाइन मिळतो, पॅन आणि बँकखातं लागतं. पण क्रमांक म्हंजे धंदा नव्हे. वीस फुटी कंटेनरात काजूगर बसतो जवळजवळ सोळा टन. किलोला सहाशे रुपये धरा, पंचाण्णव लाख झाले. गिऱ्हाइकाचे पैसे हातात पडेपर्यंत हे पैसे आपले अडकणार. बँक म्हणते तारण आणा. तारण म्हंजे जमीन. जमीन कुठाय? खोतांच्या या मुलखात बाबासाहेबांनी १९३७ साली खोती मोडण्याचं विधेयक आणलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. कागदावर खोती गेली, बागा मात्र आपल्या नावावर आल्या नाहीत. सिंगापूर जात विचारत नाही, भांडवल विचारतं. आणि आपल्याकडं भांडवल जात विचारून आलेलं आहे.

२०१६ च्या स्टँड-अप इंडिया योजनेत बँकेच्या प्रत्येक शाखेनं किमान एका दलित वा आदिवासीला दहा लाख ते एक कोटीचं कर्ज द्यायचं ठरलं होतं. आपल्या तालुक्यातल्या शाखांनी ते किती जणांना दिलं? माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर घेऊन मगच पुढल्या योजनेच्या भाषणाला टाळ्या वाजवा.

आणखी एक. रुपया पडला की निर्यातीला बरकत येते म्हणतात. बरकत कोणाला? बाबासाहेबांनी १९२३ च्या रुपयावरच्या ग्रंथात याचाच हिशेब मांडला. रुपया घसरला की भाव आधी चढतात, मजुरी मागून रांगत येते. मधलं अंतर म्हंजे निर्यातदाराचा नफा, आणि ते मजुराच्या ताटातून काढलेलं असतं. शंभर वर्षं झाली, बी फोडणाऱ्या बाईचा हिशेब तोच आहे.

मग धंदा करायचाच नाही? करायचा. व्हिएतनामनं २००६ च्या सुमारास काजूगराच्या निर्यातीत भारताला मागं टाकलं, ते यंत्रं आणि संघटित कारखान्यांच्या जोरावर. आपल्याकडं काय आहे? आपल्याकडं प्रतवारी करणारी बाई आहे. पौंडात तीनशे ते तीनशेवीस गर बसले तर तो माल डब्ल्यू-३२०, हे ती न मोजता नजरेनं सांगते. व्यापाराचं अर्धं ज्ञान तिच्या बोटांत आहे. उरलेलं अर्धं, म्हंजे करार, पतपत्र, डॉलरचा भाव, विमा, हे शिकायचं काम शिकलेल्या पोरांचं. नोकरीच्या जाहिराती वाचता तसे काजूचे बाजारभाव वाचा. चार वाड्यांतल्या बाया एकत्र करून सहकारी प्रक्रिया गट उभा करा. आधी कोल्हापूर-मुंबईला आपल्या नावानं माल विका. कंटेनर नंतर भरू.

आणि तोवर कारखानदाराला दोन प्रश्न विचारा: या लॉटचा भाव डॉलरात किती आला? आणि हातमोजे कुठं आहेत?

जय भीम.