फिजीच्या मोठ्या बेटावरील पाऊस



"पश्चिम उतारावर पाऊस अधिक, पूर्वेकडे कमी" हे वाक्य सह्याद्रीच्या पाठानंतर मुलांच्या तोंडी असे बसते, की तो साऱ्या जगाचाच नियम आहे असे त्यांस वाटू लागते. हा समज दूर करण्यास पॅसिफिक महासागरातील व्हिटी लेव्हू हे फिजीचे सर्वांत मोठे बेट फार उपयोगी पडते.

हे बेट दक्षिण गोलार्धात, १८ अक्षांशाच्या आसपास आहे. क्षेत्रफळ सुमारे १०,४०० चौरस किलोमीटर. पॅसिफिकमधील बेट म्हटले की प्रवाळाचे सखल कंकण डोळ्यांपुढे येते; हे मात्र ज्वालामुखीच्या खडकांचे, डोंगराळ आहे. तोमानिवी शिखर १,३२४ मीटर उंच आहे. प्रवाळाची रांग आहे ती किनाऱ्यापुढे, बंधाऱ्यासारखी. गोड्या व गढूळ पाण्यात प्रवाळ वाढत नाही. म्हणून नद्यांच्या मुखांसमोर तीत खिंडारे राहतात, व जहाजांना आत येण्यास वाट मिळते.

वारे येथे वर्षाचा बहुतेक काळ आग्नेयेकडून वाहतात. समुद्रावरील बाष्प घेऊन ते डोंगरास अडतात, वर चढतात, थंड होतात. त्यामुळे आग्नेय किनाऱ्यावरील सुवा येथे वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेकडील नांदी येथे तो २,००० च्या आत राहतो, आणि त्यातील बहुतेक नोव्हेंबर ते एप्रिल या महिन्यांत. पूर्वेस दाट अरण्य, पश्चिमेस गवताळ माळ, असे एकाच बेटाचे दोन भाग दिसतात.

कोरड्या ऋतूत उसात साखर चांगली भरते, म्हणून उसाची शेती पश्चिमेस वाढली. १८७९ ते १९१६ या काळात गिरमिटावर नेलेल्या हिंदी मजुरांचे कष्ट याच उसात गेले. पण पर्जन्यछायेचा प्रदेश तो! १९९७-९८ च्या अवर्षणात तेथील पीक करपले. उलट पावसाळ्यात चक्रीवादळांचे भय. २० फेब्रुवारी २०१६ च्या विन्स्टन वादळात ४४ माणसे दगावली.

वर्गात ओल्या मातीचा डोंगर करावा. प्रथम वाऱ्याची दिशा काडीने दाखवावी, मगच पाऊस कोठे पडेल ते विचारावे. उत्तर आधी सांगू नये. नंतर "डिसेंबरात तेथे थंडी असेल काय?" असे विचारावे. बहुतेक मुले "होय" म्हणतील. तेव्हा पृथ्वीचा गोल हाती घ्यावा.